चारोटीच्या चावीवाल्याने गाडी चोरली नव्हती

ती घटना मी विसरावी, असं मला बऱ्याच जणांनी सुचवलं. काहींनी प्रेमाने, काहींनी खुर्चीच्या जोरावर. मी विसरलेलो नाही. चारोटी नाक्यावर आजही गाडीच्या चावीचा विषय निघाला की कोणीतरी हसत म्हणतं, "इथे एक चावीवाला होता, गाड्या चोरायचा." हे खोटं आहे. ते पसरलं तेव्हा तिथल्या पोलीस ठाण्याचा प्रभारी अधिकारी मी होतो आणि प्रेसनोटखाली सही माझी होती. म्हणून दुरुस्तीही माझ्याच सहीने जाईल. ज्यांना हे लिहिणं खटकेल त्यांनी खुशाल खटकून घ्यावं.

साल २०१५, दसरा होऊन गेला होता. हायवेलगतच्या एका ठाण्यात मी होतो. दुपारची जेवणाची वेळ. ठाणे अंमलदाराच्या टेबलाशी एक ओळखीचे गृहस्थ धापा टाकत आले. समुद्राच्या बाजूला त्यांची चिकूची मोठी वाडी. आमच्या शांतता समितीच्या बैठकीत पहिल्या रांगेत बसणारे. त्यांना सगळे शेठ म्हणत, मीही इथे तेच म्हणतो. चारोटीला जेवायला थांबले होते, हात धुऊन बाहेर आले तर पांढरी सात सीटची गाडी जागेवर नव्हती.

"दोन्ही चाव्या माझ्याकडे आहेत साहेब," शेठ म्हणाले. "एक ही खिशात. दुसरी घरी देवघरात. महालक्ष्मीला गाडीची पूजा केली, तेव्हापासून आईने तिथेच ठेवलीय. कोणी हात पण नाय लावला तिला."

कलम ३७९ खाली चोरीचा गुन्हा दाखल झाला. घटनास्थळी पंचनामा केला तेव्हा जमिनीवर काचेचा एक कण नव्हता. गाडी ओढून नेताना कोणी पाहिली नव्हती. म्हणजे गाडी चावीनेच गेली होती.

इथे वाचकांसाठी थोडं सांगतो. नव्या गाड्यांच्या चावीच्या डोक्यात एक बारीक चिप असते. गाडी ती ओळखते, तरच इंजिन सुरू होतं. तशी चावी रस्त्यावर कापून घेतली तर दार उघडतं, गाडी हलत नाही. ती बनवायला गाडीला यंत्र जोडावं लागतं. त्याहून महागड्या गाड्यांना चावी खुपसायला भोकच नसतं. चावी खिशात ठेवायची आणि बटण दाबायचं. पण शेठची गाडी जुन्या धर्तीची, निव्वळ लोखंडी दातांची चावी असलेली. अशी चावी कोरी पट्टी, पकड आणि कानस असलेला कोणीही बनवू शकतो. आणि चारोटी नाक्यावर छत्रीखाली असा एक माणूस रोज बसत होता.

खबर दोनच दिवसांत आली. आमचा खबरी म्हणाला, "साहेब, शेठच्या गाडीची चावी त्या चावीवाल्याने बनवलीय. मी डोळ्यांनी बघितलं."

खबर पूर्ण खरी होती. घोटाळा तिथेच झाला. खोटी खबर तपासात गळून पडते. खरी खबर आली की माणूस तपास थांबवतो.

चावीवाला कैनाडकडचा, पस्तिशीतला. वापीला एका कुलपाच्या दुकानात काम शिकून आलेला. त्याला उचलला, दुसऱ्या दिवशी डहाणू कोर्टातून पोलीस कोठडी घेतली. डोक्यावर बुरखा घालून त्याचा फोटो छापून आला, 'डुप्लिकेट चावी टोळीचा म्होरक्या'. टोळीत दुसरं कोणीही नव्हतं. ते शब्द आमच्या प्रेसनोटमधले.

चौकशीला आमचे एक जुने हवालदार होते. चावीवाला भिंतीला टेकून जमिनीवर बसलेला.

"चावी बनवलीस?" हवालदारांनी विचारलं.

"बनवली. नाही कुठे म्हणतोय?"

"कोणासाठी?"

"शेठसाठी. ते गाडीतून उतरलेसुद्धा नाहीत. काचेतून चावी दिली, म्हणाले दुसरी हरवलीय, अशीच एक काप. वरचं काळं डोकं त्यांनीच आणलेलं, कंपनीच्या शिक्क्याचं."

"म्हणजे शेठने शेठचीच गाडी चोरली?" हवालदार म्हणाले, आणि खोलीतले सगळे हसले.

"हसा तुम्ही," तो म्हणाला. "पण त्यांना पण इथेच बसवून विचारा ना. जमिनीवर."

त्या उत्तरासाठी त्याला मार बसला. कोठडीत त्याच्या तळपायांचं काय झालं ते मी मऊ शब्दांत लिहिणार नाही. पट्टा चालला. हुकूम मी दिला नव्हता, पण छप्पर माझं होतं आणि आवाज माझ्या केबिनपर्यंत येत होता. मी दार लावून घेतलं.

शेठनाही विचारलं. माझ्यासमोरच्या खुर्चीत, चहा देऊन.

"अरे साहेब, काय बोलता तुम्ही? दोन चाव्या असताना तिसरी कशाला बनवू? काय चाव्यांचं लोणचं घालू?"

मलाही हसू आलं. त्यांनी दोन्ही चाव्या विमा कंपनीकडे जमा केल्या होत्या. गाडी चोरीला गेली की विमावाले दोन्ही चाव्या मागतात. एक जरी कमी असली तरी दावा अडतो. दोन्ही होत्या, कंपनीच्या शिक्क्याच्या. चावीवाल्याचं म्हणणं पडलं, असं मी धरून चाललो.

त्याच आठवड्यात ठाण्याची वार्षिक तपासणी होती. तपासणीआधी हत्यारांच्या खोलीची दुसरी चावी, जी लाखेचं सील करून तिजोरीत असते, ती काढून कुलपाला लावून बघायची पद्धत आहे. तेच हवालदार चावी लावत होते. ती अडकत होती.

"काय झालं? चुकीची आहे का?" मी विचारलं.

"बरोबर आहे साहेब. वापरात नाही ना, म्हणून दात अजून टोकदार आहेत. रोजची बघा, घासून घासून कशी बोथट झालीय. लोण्यासारखी फिरते."

मी दोन्ही चाव्या हातात घेतल्या. एकाच कुलपाच्या, एकाच दिवशी आलेल्या. एकीचे दात अंगठ्याला टोचत होते, दुसरीचे टोचत नव्हते. मी तिथेच उभा राहिलो. शेठची देवघरातली चावी पूजेपासून कोणी हातात घेतली नव्हती, असं त्यांनीच जबाबात लिहून दिलं होतं. मग तिचे दात कसे असायला हवे होते?

विमा कंपनीला पत्र देऊन दोन्ही चाव्या मुद्देमालात घेतल्या. टेबलावर शेजारी ठेवल्या. रोजच्या चावीचे दात झिजून गोलसर झालेले, तिसऱ्या दाताला एक खड्डा. 'देवघरातल्या' चावीचे दातही तसेच गोलसर आणि तिसऱ्या दाताला तोच खड्डा. फरक एवढाच की हिच्या कडेवर कानशीच्या ताज्या रेघा चमकत होत्या. नवी कोरी चावी, पण म्हाताऱ्या चावीचा चेहरा घेऊन आलेली. झिजलेल्या चावीवरून नक्कल काढली की झीजही नकलेत उतरते. कधीच न वापरलेल्या चावीला ती येणार कुठून?

हवालदारांनी चाव्या उजेडात धरून पाहिल्या. मग म्हणाले, "साहेब, माणूस खरं बोलत होता."

"मारताना कळलं नाही का?" मी चिडून म्हणालो.

"तुम्ही दार लावलंत, मला वाटलं तोच चोर, अशी तुमची खात्री आहे," ते म्हणाले.

चावीचा नमुना चासी नंबरवरून कंपनीकडे नोंदलेला असतो. ज्या शोरूममधून गाडी घेतली होती तिथे दोन पंच घेऊन गेलो आणि त्यांच्याकडून त्या नोंदीवरून नवी चावी कापून घेतली. तिचे दात उंच आणि टोकदार निघाले. शेठच्या दुसऱ्या चावीशी ती जुळली नाही. पंचनामा तिथेच झाला.

मग शेठच्या घरी गेलो. ओसरीवर त्यांच्या आई बसलेल्या, ऐंशीच्या पुढच्या. शेठ आत फोनवर होते. मी ती दुसरी चावी आजींच्या हातावर ठेवली.

"आजी, ही तुमच्या देवघरातली चावी ना?"

त्यांनी डोळ्यांजवळ नेऊन उलटीपालटी केली. "ही? नाय रे बाबा. हिची नाडाछडी कुठे गेली? मी स्वतः लाल दोरा बांधलेला. महालक्ष्मीला नेली तेव्हा पुजाऱ्याने दोन्ही चाव्यांना कुंकू लावलेलं, खाचांत भरलेलं ते. हिच्यात कुठेय?"

शेठ बाहेर आले होते. "आई, धुतली असेल कोणीतरी."

"देवाच्या पायाशी ठेवलेली चावी कोण धुतं रे मेल्या?" म्हातारी कडाडली. "आणि धुतली तर दोरा पण धुऊन गेला?"

शेठ ओसरीच्या पायरीवर बसले. मला म्हणाले, "साहेब, आपण आत बसून बोलू."

"इथेच बोलू," मी म्हणालो. "जमिनीवर."

गाडी तलासरीच्या पुढे, गुजरातच्या हद्दीत सापडली. नंबरप्लेट बदललेली, कारखान्याचे कामगार नेत होती. चासी नंबर जुळला. चावी गाडीलाच होती. तिला विटलेला लाल दोरा होता आणि खाचांत सुकलेलं कुंकू. शेठने गाडी गुपचूप विकली होती आणि वर विम्याचे पैसेही हवे होते. घेणाऱ्याने अस्सल चावीच मागितली होती, कारण सीमेवरच्या नाक्यावर रस्त्यावर कापलेली चावी दिसली की पोलीस गाडी बाजूला घेतात. म्हणून देवघरातली गेली आणि तिच्या जागी नक्कल आली. देवघराचा उल्लेख जबाबात केलाच नसता तर शेठ कदाचित सुटलेही असते. पण आमच्या भागात गाडीची पूजा झाली की ते चारचौघांत सांगितल्याशिवाय कोणाला राहवत नाही.

शेठवर फसवणुकीचं दोषारोपपत्र गेलं. त्यांचं काय व्हायचं ते कोर्ट ठरवेल, त्यावर मी बोलणार नाही. पण चावीवाल्याचं निर्दोषपण कोणत्याही कोर्टात प्रलंबित नाही. कलम १६९ खाली पुरावा नसल्याचा अहवाल देऊन मी स्वतः त्याला सोडवलं.

"जा, सुटलास," मी कोर्टाच्या आवारात म्हणालो.

"कुठे जाऊ?" त्याने विचारलं.

नाक्यावरच्या दुकानदारांनी त्याची छत्री आणि पेटी रस्त्याच्या कडेला टाकून दिली होती. मी नवी प्रेसनोट लिहिली, तीन ओळींची. वरिष्ठांनी वाचली आणि म्हणाले, "गुन्हा उघड केल्याबद्दल शाबासकी मिळतेय ना? मग आपल्याच हाताने आपली अब्रू कशाला काढता?" ती नोट गेली नाही. मी ती न विचारता पाठवू शकलो असतो. बदली झाली असती, एवढंच. शाबासकीचं प्रमाणपत्र मात्र मी घेतलं.

या तपासाने मला शिकवलं ते एवढंच, की चावी कोणी बनवली हे शोधायला दोन दिवस आणि एक खबरी पुरतो. कोणी बनवून घेतली हे विचारायचं तर समोरच्याची खुर्ची काढून घ्यावी लागते आणि कधी कधी स्वतःचीही जाते. मी माझी वाचवली. पुढच्या अधिकाऱ्यांनी वाचवू नये. माझ्या जुन्या खात्यातल्या कोणाला हा शहाणपणा वाटला तर वाटू दे.

२०१९ मध्ये निवृत्त झालो आणि डहाणूत राहू लागलो. माझ्या जुन्या गाडीची एक चावी किनाऱ्यावरच्या वाळूत हरवली. मी मुद्दाम भर बाजाराच्या दिवशी तलासरीला गेलो. एस.टी. स्टँडजवळ तो आता बसतो, हे मला ठाऊक होतं. त्याने मला लगेच ओळखलं. उठला नाही. मी त्याच्यापुढे जमिनीवरच बसलो. आजूबाजूच्या टपऱ्यांवरचे लोक बघायला लागले.

मी मोठ्याने म्हणालो, "ऐका रे सगळे. २०१५ साली मी याला गाडीचोर म्हणून धरला होता. याने काहीही केलेलं नव्हतं. चूक माझी होती."

भजी तळणाऱ्याने झारा तसाच धरून ठेवला होता. चावीवाल्याने माझ्या हातातली चावी घेतली, दातांवरून अंगठा फिरवला.

"आरसी बुक आणलंय?" त्याने विचारलं.

"नाही. घरी राहिलं."

"मग नाही जमणार साहेब. आरसी बुक आणि ओळखपत्र बघितल्याशिवाय मी आता कोणाची चावी कापत नाही." त्याने चावी परत माझ्या हातावर ठेवली.

"अरे, साहेब आहेत ते!" भजीवाला म्हणाला.

"म्हणून तर," तो म्हणाला. टपऱ्यांवर हशा पिकला. मी उठलो, डहाणूला गेलो, कागद घेऊन परत आलो. तोवर बाजार उठत आला होता. त्याने आरसी बुकवरचं नाव वाचलं, ओळखपत्रावरचा फोटो बघितला, मग माझं तोंड बघितलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "गाडी तुमचीच?"

"माझीच," मी म्हणालो.

"चावी कोणासाठी पाहिजे?"

"माझ्यासाठीच."

तेव्हा कुठे त्याने चावी पकडीत धरली आणि कानस उचलली.