टेलिफोनबाईंची दोन कनेक्शनं

टेलिफोनबाईंना निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली. एक्स्चेंजच्या खोलीत आता सिमेंटच्या गोण्या रचलेल्या असतात. तरी गावात त्यांना दुसऱ्या नावाने कोणी हाक मारत नाही. त्यांचे यजमान शिंपी. तेसुद्धा नव्या गिऱ्हाइकाला 'या आमच्या टेलिफोनबाई' अशीच ओळख करून देतात आणि मग स्वतःच हसतात. तीस वर्षं बाईंनी लोकांची बोलणी जोडून दिली. दोन्हीकडच्या माणसांना 'ऐकू येतंय का?' म्हणून विचारायचं, दोन्हीकडून 'हो' आलं की मगच कानावरचा हेडफोन उतरवायचा, ही त्यांची शिस्त. कोणाचं बोलणं आपण कधी चोरून ऐकलं नाही असं त्या सांगतात, आणि गावही विश्वास ठेवल्यासारखं करतं.

असल्या खमक्या बाई गेल्या दोन महिन्यांत पार भित्र्या झाल्या होत्या.

त्याला कारण घडलं होतं. शिंपीबुवा एका दुपारी इस्त्री केलेली पँट हँगरला लावता लावता उभ्याचे आडवे झाले. हृदयाचे ठोके मध्येच थांबतात असं निघालं. दोन तासांच्या वाटेवरच्या मोठ्या हॉस्पिटलात त्यांच्या छातीत पेसमेकर बसवला, आणि घरी सोडताना नर्सने साबणाच्या वडीएवढी एक पांढरी डबी बाईंच्या हातात ठेवली.

"ही यांच्याजवळ ठेवायची. आतलं यंत्र काय सांगतं ते ही डबी घेते आणि इंटरनेटवरून आमच्याकडे पाठवते. हिरवा दिवा असला म्हणजे आम्हाला दिसतंय. काही बिघडलं तर आम्हीच तुम्हाला फोन करू. पिवळा लागला तर आम्हाला काही दिसत नाही असं समजा."

"आणि पिवळा असतानाच काही झालं तर?"

"म्हणून कनेक्शन चांगलं घ्या," नर्स म्हणाली आणि पुढच्या खाटेकडे वळली.

नवऱ्याचा जीव आता एका दिव्यावर आहे आणि तो दिवा कशावर आहे, तर गावातल्या इंटरनेटवर, हे काही केल्या मनातून जाईना. त्यांचं गाव म्हणजे टेकडीच्या पायथ्याला सव्वाशे घरं. मुख्य रस्त्यापासून आत, ओढ्यावरच्या मोरीपलीकडे. इथे शिंकलं तरी नेट जातं असं लोक म्हणायचे. आतापर्यंत बाईही त्यात हसून भर घालायच्या.

घर तीन खोल्यांचं. पुढच्या खोलीत शिवणयंत्र, कापड बेतायचं टेबल आणि भिंतीला टेकलेला आरसा. मागे स्वयंपाकघर. डबी शिवणयंत्राच्या वरच्या फळीवर, खडूंच्या पेटीशेजारी ठेवली. बाई मागे भांडी घासत असल्या तरी कान पुढे असायचे. मशीनची खडखड ऐकू आली की त्यांचा जीव भांड्यात पडायचा. खडखड थांबली की हातातलं तिथेच टाकून त्या दारात हजर.

"अगं, सुईत दोरा ओवतोय," शिंपीबुवा चष्म्यावरून बघत म्हणायचे. "तेवढं तरी करू देशील का?"

"ओवताना बोलत जा."

"दोरा तोंडात असतो. बोलू कसा?"

त्या दिव्याकडे एक नजर टाकून परत जायच्या.

कनेक्शन निवडायला त्यांनी बारा दिवस घेतले. लेक दूरच्या शहरातून फोनवर सांगत होती, "आई, स्पीड बघ." केबलवालाही स्पीडचंच सांगायचा. हा तरतरीत माणूस खांबांवरून घरोघर वायर नेऊन द्यायचा. बाईंनी त्याला स्पीडबद्दल एक अक्षर विचारलं नाही. लेकीची जुनी वही काढली, रेघ मारली आणि उलटतपासणीला सुरुवात केली. शेवटचं कधी बंद पडलं? किती वेळ? दुरुस्तीला कोण येतं? कुठून येतं? त्याची गाडी बंद पडली तर दुसरा आहे का? केबलवाला कपाळावरचा घाम पुसत म्हणाला, "मावशी, पोलिसातसुद्धा इतकं विचारत नाहीत." पण बाईंना त्याच्या शब्दावर जायचंच नव्हतं. त्या ज्यांच्या घरी त्याची वायर होती अशा सात घरी गेल्या, चहा घेतला आणि तेच प्रश्न पुन्हा विचारले. सहा महिन्यांत दोनदा गेलं होतं, दोन्ही वेळा तासाभरात आलं होतं.

दुसरा पर्याय टॉवरचा. सिमकार्ड घातलेलं एक खोकं घरात ठेवायचं, वायरची भानगडच नाही. तेही बाईंनी दोन घरी तपासलं.

तिसरा पर्याय पेंडवाल्यांचा. टेकडीच्या चढावर जनावरांची पेंड आणि कोंडा विकणारं त्यांचं दुकान. छपरावर ताटाएवढी डिश, तिचं तोंड दरीपलीकडच्या डोंगरावरच्या मनोऱ्याकडे. तिच्यावरून आलेलं नेट दुकानातून घरी घ्यायचं. बाई गेल्या तेव्हा पेंडवाल्यांनी गोणीवरची धूळ झटकून बसायला दिलं आणि खरं ते सांगितलं.

"वहिनी, वारा जोराचा सुटला की तिची मान हलते. मग मी शिडी लावून वर चढतो आणि सरळ करतो."

"आणि तुम्ही दुकानात नसलात तर?"

"नसलो तर नाही," पेंडवाले म्हणाले.

साठीच्या माणसाच्या शिडीवर नवऱ्याचा जीव टांगायचा नाही, हे बाईंनी तिथल्या तिथे ठरवलं. वहीत पेंडवाल्यांच्या नावावर काट मारली. केबलची वायर घेतली आणि शिवाय टॉवरचं खोकंही घेतलं. एक गेलं तर दुसरं आहेच. शिंपीबुवा म्हणाले, "माझ्यासाठी कधी दोन स्वेटर घेतले नाहीस." हॉस्पिटलातून आल्यापासून बाई त्या दिवशी पहिल्यांदा हसल्या. पुढचे सहा आठवडे दिवा हिरवा होता. त्यांची भीती गेली नाही, पण बसायला एक जागा मिळाल्यासारखी जरा शांत बसली.

मग तो मंगळवार आला.

सकाळी नऊच्या सुमारास शिंपीबुवा शाळेचे गणवेश शिवत होते. बाई मागे डाळ निवडत होत्या. नऊ वीसला खडखड थांबली. त्या उठेपर्यंत पुढून आवाज आला, "दोरा तुटला गं." मशीन पुन्हा सुरू झालं. पावणेदहाला परत थांबलं, या वेळी जरा जास्तच. बाई दारात पोचल्या तेव्हा शिंपीबुवा दोन्ही कोपरं मशीनवर टेकून बसले होते.

"काय झालं?"

"दोरा. हे रीळच खराब आहे." त्यांनी मान वर केली नाही.

दिवा हिरवा होता. बाईंनी तो दोनदा पाहिला आणि त्या परत गेल्या.

दहाला त्या पाणी द्यायला आल्या तेव्हा दिवा पिवळा होता.

त्यांनी पाणी टेबलावर ठेवलं. याच दिवसासाठी तर दुसरं खोकं घेतलं होतं. त्यांनी लेकीने कागदावर लिहून दिलेल्या क्रमाने डबी टॉवरच्या खोक्याला जोडली. एक मिनिट गेलं. तीन गेली. दिवा पिवळाच. मोबाईल उघडून पाहिला तर त्यावरही रेंज नाही, एक काडीसुद्धा नाही. म्हणजे हॉस्पिटलला काही दिसलं तरी ते कळवणार कोणाला? त्या फाटकाशी धावल्या, तर समोरून केबलवाला मोटारसायकलवरून येत होता. शर्टाला चिखल लागलेला.

"मावशी, मोरीपाशी रस्ता खणताना मेन वायर तोडली. संध्याकाळ होईल."

"टॉवर का बंद आहे?"

"टॉवरला पण नेट त्याच वायरने येतं ना. गावात शिरायला दुसरी वाट कुठाय?"

बाईंनी फाटक घट्ट धरलं. हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. एक्स्चेंजमधून गावाबाहेर जाणारी जाडजूड केबल याच मोरीखालून जायची. एकदा ती तुटली तेव्हा दोन दिवस गावातून एकही फोन लागला नव्हता आणि बाई मुका हेडफोन कानाला लावून बसल्या होत्या. गावातल्या गावात तारा कितीही असोत, बाहेर एकच जाते, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? आणि त्यांनीच वहीत तो प्रश्न लिहिला नव्हता. कोण दुरुस्तीला येतं ते विचारलं, त्याची गाडी चालते का ते विचारलं, वायर मोरीपुढे कुठून जाते ते विचारलं नाही. आपल्या हाताने आपण यांचा जीव एकाच तारेला दोनदा बांधला, असं त्यांच्या मनात आलं.

मग पेंडवाल्यांची डिश आठवली. ती मोरीकडे बघत नव्हती, डोंगराकडे बघत होती.

त्या आत आल्या. "उठा. पेंडवाल्यांकडे जायचंय."

"कशाला? मला काही होत नाहीये. दोन गणवेश..."

"उठा म्हणते ना."

शिंपीबुवा उठले. उठताना त्यांनी मशीनची कड धरली, मग टेबलाची, मग दाराची चौकट. बाईंनी प्रत्येक गोष्ट पाहिली. त्यांनी केबलवाल्याला हाक मारली. "यांना मागे बसव आणि हळू ने. खड्ड्यातून घातलीस तर याद राख."

केबलवाल्याने मोरीकडे एकदा पाहिलं आणि गाडी वळवली.

डबी टॉवेलात गुंडाळून, पिशवीत घालून बाई मागून निघाल्या. धावायचं वय नव्हतं, पण त्या धावल्या. पुढे चढावर नवऱ्याचा पांढरा शर्ट दिसत होता. तो सरळ आहे की कलतोय, एवढंच त्या बघत होत्या. एका वळणावर शर्ट दिसेनासा झाला तेव्हा बाई भर रस्त्यात मोठ्याने त्यांना हाका मारू लागल्या. नवऱ्याला त्यांनी आजवर रस्त्यात हाक मारली नव्हती.

दुकानात शिंपीबुवा गोण्यांना टेकून बसले होते. घामाघूम, पण शुद्धीवर. पेंडवाल्यांनी काट्यावरची पेंड उतरवून तिथेच डबीला जागा केली. वारा नव्हता. डिश जागेवर होती. दिवा बराच वेळ लुकलुकला आणि हिरवा झाला. बाईंनी डोळे मिटले.

त्यांनी मोबाईल दुकानाच्या नेटला जोडला आणि लगेच मेसेज यायला लागले. एक, दोन, पाच. सगळे हॉस्पिटलचे. 'फोन लागत नाही. तातडीने संपर्क करा.' बाईंनी नेटवरूनच फोन लावला.

"कुठे होतात तुम्ही?" नर्सचा आवाज चढलेला होता. "नऊ वीसला सहा सेकंद ठोका नाही. पावणेदहाला नऊ सेकंद. ते पाहून फोन लावला तर लागेना. आतल्या यंत्राची वायर जागेवरून हललेली दिसतेय. यांना चक्कर आली असणार. आली होती का?"

बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. नऊ वीस. पावणेदहा.

"दोरा तुटला म्हणालात," त्या म्हणाल्या.

शिंपीबुवा गोणीची शिवण बोटाने चाचपत राहिले. "तू आधीच इतकी घाबरलेली," ते म्हणाले. "म्हटलं आणखी कशाला."

"मी दिव्याकडे बघून परत गेले हो," बाई म्हणाल्या आणि त्यांना रडू आलं. ज्या माणसाला विचारायचं त्याच्या तोंडाकडे न बघता आपण फळीवरच्या दिव्याला विचारत बसलो, याची त्यांना भयंकर लाज वाटली.

फोनवर नर्स सांगत होती, "त्यांना चालू देऊ नका. आत्ताच्या आत्ता घेऊन या. वाटेत बोलत ठेवा."

पेंडवाल्यांनी टेम्पो काढला. मागे कोंड्याच्या गोण्या पसरून त्यावर चादर घातली. शिंपीबुवांना आडवं केलं, बाई उशाशी बसल्या, मनगट हातात धरून. दिव्याची डबी दुकानातच राहिली. गाडीत ती काहीच कामाची नव्हती. मोरीपाशी रस्ता खणलेला होता. तुटलेल्या वायरीची दोन टोकं मातीतून वर आलेली होती, आणि केबलवाला आधीच पुढे जाऊन फळ्या टाकून टेम्पोला वाट करून देत होता.

रस्त्याला लागल्यावर बाई वाकून म्हणाल्या, "ऐकू येतंय का?"

"येतंय."

"खोटं बोलू नका. डोळ्यापुढे अंधारी आली तर अंधारी म्हणा. दोरा म्हणू नका."

"नाही म्हणत."

दर दोन-तीन मिनिटांनी त्या विचारत राहिल्या. ते उत्तर देत राहिले, कधी 'येतंय', कधी 'अगं येतंय', एकदा वैतागून 'बहिरा नाही झालो'. अर्धी वाट गेली. मग एकदा त्यांनी विचारलं आणि उत्तर आलं नाही. मनगट त्यांच्या हातात होतं, पण टेम्पोच्या हादऱ्यात त्यांना बोटाखाली काही कळेना. त्यांनी पुन्हा विचारलं. पेंडवाल्यांनी आरशातून मागे पाहिलं आणि वेग वाढवला. बाईंनी कान नवऱ्याच्या तोंडाशी नेला आणि तिसऱ्यांदा, अगदी हळू, विचारलं.

"अंधारी आली होती," शिंपीबुवा म्हणाले. "आता गेली. मला भीती वाटतेय गं."

"मलापण," बाई म्हणाल्या. "बोलत राहा."