दोन दारांची रांगोळी

सास्तूरमधली घरं भूकंपानंतर बांधलेली, ओळीनं, एक झाकावं नि दुसरं काढावं अशी. पाहुण्याला घर सांगायचं तर दाराचा रंग सांगावा लागतो. द्वारकाबाईंचं दार निळं, शेजारच्या बिराप्पाचं हिरवं. दोन्ही घरांच्या मधे मोटारसायकल कशीबशी निघेल एवढा बोळ, आणि त्या बोळावरच द्वारकाबाईंच्या स्वयंपाकघराची खिडकी.

बिराप्पाची बायको सिताबाई गेली तेव्हा त्या घरात बाप नि लेक असे दोघं गडी उरले. सुतक फिटल्यावर एका सकाळी द्वारकाबाई आपल्या दारात सडा टाकत होत्या. बादलीत थोडं शेणकाल्याचं पाणी उरलं होतं. हिरव्या दाराकडं नजर गेली, तर सगळ्या ओळीत तेवढीच माती कोरडी. उरलेलं पाणी त्यांनी तिकडं शिंपडलं, चिमूटभर रांगोळीनं चार ठिपके जोडले नि आत जाऊन चहा ठेवला. आपण काही केलं असं त्यांच्या मनातही आलं नाही. दुसऱ्या दिवशी हात आपोआप तिकडं गेला, आणि मग वर्षानुवर्षं जातच राहिला. बिराप्पानं कधी तो विषय काढला नाही, बाईंनीही नाही. सून निकिता तेवढी थट्टा करायची.

"आत्या, एका दाराच्या पगारात दोन दारं करता व्हय?"

"पाणी उरतं गं. फेकून देऊ का?"

बिघडलं ते मोटारसायकलीमुळं. बिराप्पाचा लेक शिवशंकर रोज पहाटे दुधाचे कॅन बांधून डेअरीला जायचा. गाडी परसात असायची आणि तो ती बोळातून काढायचा. कॅन खडखडायचे, गाडी सुरू होताना खोकायची आणि सगळा धूर खिडकीतून भाकरीच्या तव्यावर. एकदा बाईंना अशी उबळ आली की तव्यावरची भाकरी करपली. त्या खिडकीशी आल्या.

"शिवा, पुढचं दार काय शोभेला ठिवलंय का रं?"

"काकू, ते..." शिवशंकर घुटमळला. "बघतो."

"बघतो न्हाय. उद्यापासनं पुढून जायाचं."

दुसऱ्या पहाटे गाडी पुन्हा बोळातूनच गेली. त्या दिवशी द्वारकाबाईंनी उरलेलं पाणी पपईच्या बुडात ओतलं. हिरव्या दारापुढची माती कोरडी राहिली, दुसऱ्या दिवशी राहिली, मग राहतच गेली. आठवडाभरानं शिवशंकर गाडी घरातून ढकलत पुढच्या दारानं काढायला लागला.

"आली अक्कल," बाई निकिताला म्हणाल्या.

राग तसा ओसरला होता. पण सुटलेली सवय परत लावायला काही निमित्त लागतं, आणि ते निमित्त आपण होऊन का शोधायचं, असं त्यांना वाटायचं.

शिवशंकरची तिशी उलटली होती. शेती, दुधाचा धंदा, त्यात घरात बाईमाणूस नाही. स्थळं फोनवरच नको म्हणायची. अशात नळदुर्गजवळच्या सिद्धेश्वर नावाच्या गृहस्थांची मुलगी दैवशाला हिला मुलगा पसंत पडला. आता तिचे आईवडील घर बघायला येणार होते. निकितानं हे द्वारकाबाईंच्या कानावर घातलं होतं.

बापलेकांनी आतलं घर लख्ख केलं, कपबश्या घासल्या, भिंतींवरची जळमटं काढली. दारात सडा टाकणंही एक काम असतं आणि ते पुरुषालाही करता येतं, हे मात्र दोघांना सुचलं नाही.

सकाळी गल्लीच्या तोंडाशी जीप थांबली. नवराबायको उतरून दारांचे रंग बघत चालत आले. द्वारकाबाई ओट्यावर ज्वारी पाखडत होत्या. पाहुणीच्या पिशवीतून नारळाची शेंडी डोकावत होती. पाहुणे कोण, ते त्यांनी लगेच ओळखलं.

हिरव्या दारासमोर येऊन ती दोघं थबकली. नवऱ्यानं द्वारकाबाईंकडं पाहिलं.

"बाई, बिराप्पाचं घर ह्येच का?"

"व्हय."

"मग... घरात कायी झालंय का? सगळ्यांच्या दारात रांगोळी हाय, हितंच सडा बी न्हाय."

अख्ख्या ओळीत एकच दार कोरडं असेल, तर तिथं कुणी गेलेलं असतं, हे कुणाला शिकवावं लागत नाही. 'छे, कायी न्हाय झालं, जावा की आत,' एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. शब्द बाईंच्या ओठांवरही आले. पण त्याबरोबर तो धूर आठवला, ते 'बघतो' आठवलं.

"मला काय ठाव? त्यांचं त्यांनाच इचारा."

नवराबायकोत कुजबूज झाली. "परवा आपल्यात देवाचं जेवाण हाय. सुतकाच्या घरात पाय कसा ठिवायचा?" एवढं बाईंना स्पष्ट ऐकू आलं. पाहुणे माघारी वळले. अजूनही एक हाक मारता आली असती. द्वारकाबाईंच्या हातातलं सूप चालूच राहिलं. जीप वळली नि गेली.

थोड्या वेळानं हिरवं दार उघडलं. इस्त्रीचा सदरा घातलेला, केसांना पाणी लावून भांग काढलेला शिवशंकर बाहेर येऊन रस्त्याकडं बघू लागला.

"काकू, जीप आल्यावानी वाटली. कोण आलतं का?"

"न्हाय बा. मला न्हाय दिसलं."

"येतील," असं म्हणून तो आत गेला. दार त्यानं उघडंच ठेवलं. दिवस मावळेपर्यंत ते उघडं होतं.

पुढं मध्यस्थामार्फत गैरसमज मिटला, पण सोयरीक नको असाच निरोप आला. ते द्वारकाबाईंच्या कानावर आलं. त्या दिवशीचं 'न्हाय दिसलं' हे आपलंच बोलणं त्यांना सारखं ऐकू यायचं. शेवटी बहिणीकडं जाते म्हणून त्या एसटीत बसल्या आणि विचारत विचारत सिद्धेश्वरच्या घरी पोचल्या. घरी त्याची बायकोच होती. तिनं ओळखलं, पण पाणी दिलं.

"सुतक न्हवतं बाई," द्वारकाबाई म्हणाल्या. "त्या दारात सडा म्याच टाकत हुते. रागानं म्याच बंद केला. त्या पोराची कायी चूक न्हाय."

"सुतक न्हवतं ते कळलं आमाला. त्यापायी न्हाय मोडलं."

"मग?"

"त्या घरात सासू न्हाय, नणंद न्हाय, दोन गडी. रातीअपराती लेकीला ताप भरला तर हाक कुणाला मारायची? शेजारणीलाच ना? आन् शेजारीण तर दारात बसून म्हणती, मला काय ठाव." तिनं पदर सावरला. "तुमीच सांगा, कुणाच्या भरवशावर लेक द्यायाची?"

"म्या हाय की. म्या बघीन तिला."

"हे तवा म्हणायचं हुतं, बाई." तिच्या आवाजात राग नव्हता. "आता दुसरीकडं सुपारी फुटली."

परतीच्या वाटेवर खिडकीबाहेरचं काही त्यांना दिसलं नाही. सास्तूरला उतरून त्या आपल्या घरी न जाता थेट हिरव्या दारात उभ्या राहिल्या. बिराप्पा एकटाच दोर वळत बसला होता. उभ्या उभ्या त्यांनी सगळं सांगितलं, शिवशंकरशी खोटं बोलल्याचंसुद्धा.

बिराप्पाचा हात थांबला.

"वैनी, पोरगं गाडी बोळातनं का काढत हुतं, ठाव हाय का तुमाला?"

त्यांनी नाही म्हणून मान हलवली.

"पुढनं काढली तर चाक तुमच्या रांगोळीवरनं जायाचं. म्हणायचा, आईच्या मागं ह्या दारात बाईमाणसाचं तेवढंच राहिलंय, त्ये मोडायचं न्हाय. तुमी बंद केल्यावर पुढनं जायला लागला. आता मोडायला कायी न्हाय म्हणला."

"मग मला सांगायचं न्हाय व्हय, भावजी?"

"काय सांगू? तुमी कधी बोलला न्हाय, आमी बी न्हाय. बोललं की त्याचं उपकार हुतात." दोर पुन्हा वळता वळता तो खालीच बघत म्हणाला, "बसा."

त्यांच्यानं बसवलं नाही.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायच्या आधी द्वारकाबाईंनी सडा टाकला. आधी हिरव्या दारात, मग आपल्या. रांगोळी काढताना एक रेघ वाकडी गेली. ती त्यांनी पुसली नाही. आत येऊन त्या भाकऱ्या थापायला बसल्या. शेजारी कडी वाजली. हिरवं दार उघडलं आणि बऱ्याच वेळानं हळूच लागलं. मग परसाकडून कॅन खडखडले आणि गाडी बोळात शिरली.

धूर आत आला. डोळ्यांतून पाणी आलं, खोकल्याची ढास लागली.

"आत्या, खिडकी लावू का?" निकितानं विचारलं.

"ऱ्हाऊ दे," द्वारकाबाई म्हणाल्या आणि त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली.