त्रेसष्टाव्या पानावरची सरळ ओळ

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. ती म्हणते, तुमच्या पोटात काही राहत नाही. राहतं की. आठ वर्षं राहिलंय — आणि आता तुम्हाला का सांगतोय, तेही मला नीट ठाऊक नाही.

मी सोलापुरात पुस्तकं जुळवतो. म्हणजे टाइप करायचं, पानं लावायची, छापखान्याला फाइल द्यायची. या कामात माझा लई तोरा. लग्नपत्रिकेत अक्षरांचा भलताच टाइप दिसला तरी माझं पंगतीतलं जेवण कडू व्हायचं. लोक हसायचे. हसू देत, म्हणायचो.

तर बिराजदार बाई. वळसंगच्या शाळेत तिसरीला त्यांनी मला शिकवलं. निवृत्त होऊन सोलापुरात आल्या आणि लहानपणच्या आठवणी लिहून माझ्याकडेच घेऊन आल्या. त्यांची एकच अट — अवतरणचिन्हं नकोत. घरातल्या माणसांचं बोलणं तिरक्या अक्षरात, स्वतःचं सांगणं सरळ. बोलण्याच्या प्रत्येक ओळीखाली त्यांनी लाल शाईनं रेघ मारली होती, फूटपट्टी लावून. मी तसं लावलं. त्यांनी शेवटचं प्रूफ वाचलं, सही केली. तिथंच थांबलो असतो तर?

पण कॉम्प्युटरचं ते तिरकं अक्षर मला बघवेना. तो सरळ अक्षराला नुसता ढकलतो, मग ते धक्का बसलेल्या माणसासारखं कलतं. आणि नेमका त्याच आठवड्यात मला एक खरा तिरका टाइप मिळाला — तिरका म्हणूनच काढलेला, वळणं मऊ, काना बोरूतून उतरल्यासारखा. काय देखणा होता! बाईंना न विचारता मी जुनं तिरकं एकदम काढून सगळा मजकूर सरळ केला आणि हस्तलिखित शेजारी ठेवून एकेक ओळ नव्या टाइपात घातली. पुन्हा प्रूफ काढलं नाही. मी लावलंय म्हटल्यावर प्रूफ कशाला?

एक ओळ राहिली. पान त्रेसष्ट.

बाईंची धाकटी बहीण महादेवी. लहानपणी पोलिओनं पाय गेलेला. त्या पानावर ती अंगणातून सरपटत येते. बाई लिहितात, मी तिच्याकडे बघत राहिले. पुढची ओळ त्यांच्या आत्याची — ही जन्मली नसती तर बरं झालं असतं. आत्या हे येताजाता म्हणायची म्हणे. ती ओळ सरळ छापली गेली. आता ही दोन वाक्यं लागोपाठ वाचा. दुसरं कुणाचं वाटतं?

महादेवी मोडनिंबला दिलेली. पुस्तकाची पहिली प्रत बाईंनी तिलाच पाठवली. तिनं वाचली आणि बहिणीचा फोन घेणं बंद केलं. बाई एसटीनं मोडनिंबला गेल्या, अगं ते आत्याचं बोलणं आहे, म्हणून परोपरीनं सांगितलं. महादेवी म्हणाली, मग तू लिहिलेला कागद दाखव.

तो कागद मागायला बाई माझ्याकडे आल्या. भर उन्हात चालत. टेबलावर पुस्तक उघडून ठेवलं, आणि पान बघताक्षणी मला कळलं काय झालंय ते. हस्तलिखित माझ्या पाठीमागच्या कपाटात होतं. खुर्चीतून न उठता हाताला लागलं असतं.

"सुभाष, मी रेघ मारली होती की रे?"

"नव्हती, बाई," मी म्हणालो. "असती तर माझ्याकडून सुटली असती का?"

आणि हस्तलिखित? ते रद्दीत गेलं, म्हणालो.

का म्हणालो? सुभाष चुकला असं गावात कुणी म्हणेल — एवढीच भीती. दुसरं काही नाही. बाईंनी वाद घातला नाही. चष्मा काढला, पदरानं पुसला. "मग माझ्याकडूनच राहिलं असेल. वय झालं," म्हणाल्या. सगळी नोकरी मुलांच्या वह्या तपासण्यात गेलेली बाई ती. मी चहा मागवला. त्यांनी अर्धा ठेवला.

त्या गेल्यावर कपाट उघडलं. रेघ होती, लाल, ठळक. धावलो असतो तर कोपऱ्यावर गाठलं असतं त्यांना. कागद परत ठेवला आणि दुसरं काम घेतलं.

दोन वर्षांनी महादेवी गेली. बाईंना तिसऱ्या दिवशी कळलं, तेही परक्या माणसाकडून.

मग दुसरी आवृत्ती निघाली. सुरुवातीला घालायला बाईंनी एक पान लिहून आणलं — पहिल्या आवृत्तीत त्रेसष्टाव्या पानावरची ती ओळ आत्याची आहे, खूण करायची माझ्याकडून राहिली, महादेवी, मला माफ कर. ते पान मीच जुळवलं. त्याच तिरक्या टाइपात. बाईंनीच तसं सांगितलं. या खेपेला प्रूफ तीनदा काढलं. एकही चूक नव्हती.

बाईंनी ते डोळ्यांजवळ धरून वाचलं. "किती देखणं अक्षर आहे रे," म्हणाल्या.

त्या अजून आहेत. माझ्या दुकानापासून चालत दहा मिनिटांवर. आताशा साधा अर्ज लिहिला तरी तीन-तीनदा वाचतात, मग मला आणून दाखवतात आणि विचारतात, काही विसरले नाही ना रे मी? मी म्हणतो, नाही बाई. हस्तलिखित अजून त्याच कपाटात आहे.