पाळणा तिकडे, अपडेट इकडे

स्वतःचा पासवर्ड दर आठवड्याला विसरणाऱ्या मंडळींनो, या आजीला तरी ओळखलंत ना? मला अक्षर येत नाही, सूनबाई लिहून घेतेय… पण काल आमच्या पनवेलच्या घरात जे झालं, ते मी जन्मात विसरायची नाही!

काल माझ्या पणतीचं बारसं होतं, बंगळुरूला. गुडघ्यांपायी माझा प्रवास बंद. पण आमच्या घरातला पाळणा फक्त मलाच येतो… तो मी कॅमेऱ्यासमोर बसून म्हणायचा, असं तिच्या बापाशी, माझ्या नातवाशी, मंदारशी ठरलेलं.

या मंदारने एकाच कॉम्प्युटरमध्ये दोन सिस्टीम घालून ठेवल्यात. एका घरात दोन जावा! कॅमेरा चालतो फक्त धाकटीत. सुरू केलं की काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी येतात. मला वाचता येत नाही, म्हणून खाली जायच्या बटणावर लाल टिकली चिकटवलीय, एंटरवर हिरवी. लाल चारदा, हिरवी एकदा… दर रविवारी बिनचूक.

परवा कॉम्प्युटरने विचारलं, अपडेट करू का? आमच्या चिरंजीवांनी न वाचताच हो म्हटलं. त्यांना वाचता येतं बरं का!

काल लाल चारदा, हिरवी एकदा… आणि भलताच पडदा, त्यावर आकडे पळताहेत. बंद करून पुन्हा लावलं, पुन्हा तेच. फोनवर मंदार, "आजी, तुझ्याशिवाय पाळणा हलवणार नाही, पण बाळ रडायला लागलंय गं!"

"आई, बाजूला सर, मी बघतो," चिरंजीव.

"तू बघितलंस म्हणून तर ही पाळी आली!"

मंदार म्हणाला, अपडेट झालं की नव्या ओळी वर येऊन बसतात. म्हणजे पंगतीत नवे पाहुणे वर घुसले आणि आपलं माणूस खाली सरकलं… मग लाल टिकली दाबत गेले, पार तळापर्यंत. हिरवी. उघडली की हो धाकटी!

उघडली… आणि तीही अपडेट करायला बसली. जावाच त्या! एकीने नवं लुगडं घेतलं की दुसरीला हवंच.

आता कोण थांबतंय? फोन स्पीकरवर ठेवला. "हलव रे पाळणा," म्हटलं आणि सुरू केलं. समोर चाक गरगर फिरतंय, नावाचं कडवं जवळ आलं, तरी चित्र नाही. बाळाचं तोंड बघितल्याशिवाय मी नाव घेणार नव्हते. मग मीही पाळणा वाढवला… आत्या, माम्या, शेजारणी, सगळ्यांची कडवी जागच्या जागी जुळवली. तिकडे बायका हसताहेत, "जो जो" म्हणताहेत!

शेवटी पडदा उजळला, सूनबाईने कॉल लावला… आणि पणती दिसली. भलीमोठी जांभई देत. तेव्हा कुठे नाव घेतलं, ईरा. चाल मात्र सोडली नाही.

उद्या हीच मला कॉम्प्युटर शिकवणार. तेव्हा तुझ्या बारशाच्या घुगऱ्या खाल्ल्यात, असं तिला ठणकावून सांगायला त्या खायला तर हव्यात! मंदार, तुझे सासरे इकडे येताहेत ना, त्यांच्या हाती बारशाचे हरभरे पाठव. कोरडेच पाठव, शिजवलेले वाटेत आंबतील. नारळ इथे आहे.