महादूच्या भाषणाचे गुणदोष

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. बायकोपाशी नाही, मंडळातल्या कुणापाशी तर नाहीच. आणि बोलणं हीच माझी गावात ओळख — लोणावळ्यात कुठलाही समारंभ असो, चार शब्द बोलायला मलाच उठवतात. तोंडाला कुलूप असं कधी नव्हतं. या एका गोष्टीपुरतं होतं.

वाचनालयाच्या माडीवर आमचं वक्तृत्व मंडळ भरायचं, रविवारी सकाळी. एकाने भाषण करायचं, दुसऱ्याने उठून त्याचे गुणदोष सांगायचे, आणि मग — हा आमचा रिवाज — वक्त्याने पुन्हा उभं राहून टीका करणाऱ्याचे आभार मानायचे. टीका कितीही झोंबो. पुण्याचा एक संघ दरवर्षी सगळी मंडळं पाहून एकाला ‘उत्कृष्ट मंडळ’ म्हणून ढाल द्यायचा. आदल्या वर्षी परीक्षक आम्हाला ऐकवून गेले होते, की इथे सभासद एकमेकांची पाठ थोपटतात, बाकी काही होत नाही. पेटलो आम्ही. कुणी नवे सभासद आणले, कुणी खुर्च्या रंगवल्या, कुणी लाजऱ्या माणसांना घरी जाऊन बोलतं केलं. माझा वाटा काय? मी महादूला आणलं.

महादू चिक्कीच्या भट्टीवर पाक ढवळायचा. मनगटांवर गुळाच्या चटक्यांचे डाग. गाव पवनेच्या खोऱ्यात, धरणाच्या पाण्याखाली जाणारं. पुनर्वसनाच्या साहेब लोकांसमोर गावाची सभा व्हायची होती आणि बोलायचं काम गावाने त्याच्यावर टाकलं होतं. “भाऊ, मला उभं ऱ्हाऊन बोलाया शिकवा,” एवढंच त्याचं मागणं. ढालीशी त्याला काय करायचं होतं?

मी शिकवलं. मनापासून शिकवलं — आणि त्याने माझा स्वतःवरचा राग कमी होत नाही, वाढतो. म्हटलं, कागद घेऊ नकोस. ‘अध्यक्ष महाराज’ वगैरे सोड, थेट तुमच्या दारच्या आंब्यापासून सुरू कर. घरी बोलतोस तसंच बोल. आणि आंबाही पाण्यात जाणार, असं म्हणालास की थांब. गप्प उभा राहा. लोकांना ते ऐकू दे. त्याने विचारलं, “आन् लोकं हसली तर?” मी म्हटलं, हसणार नाहीत.

परीक्षक आले त्या रविवारी महादू बोलला. “ह्यो आंबा बी पाण्यात जानार,” म्हणाला — आणि थांबला. माडीवर कुणी खोकलंसुद्धा नाही. आमचे एक वकील चष्मा हातात धरून बसून राहिले. त्या माडीवर इतकं चांगलं भाषण झालं नव्हतं. माझं तर कधीच नाही. हे मला त्याच क्षणी कळलं होतं.

मग गुणदोष सांगायला मी उठलो.

का केलं मी तसं? परीक्षकांना दाखवायचं होतं, की आता इथे कुणी कुणाची पाठ थोपटत नाही. हे एक. दुसरं — जळलो मी. हा एवढासा शब्द लिहायला मला इतकी वर्षं लागावीत?

मी म्हणालो, वक्त्यांनी सभेला संबोधन केलं नाही. भाषा अशुद्ध. ‘न्हाई’, ‘जानार’ — मी नक्कल करून दाखवली. हेल काढून. आणि शेवटी म्हणालो, वक्ते मध्येच विषय विसरले आणि कितीतरी वेळ नुसते उभे राहिले, पाठांतर हवं. पाठांतर! एकेक दोष मी त्याच्या हातात ठेवलेला होता, आणि आता तोच मी उचलून सभेला दाखवत होतो.

महादू माझ्याकडे बघत होता. एक वाक्य पुरलं असतं त्याला — ह्ये तुमीच सांगितलंत. तो उठला. रिवाजाप्रमाणे हात जोडले.

“आभारी हाय, भाऊ.”

त्या ‘हाय’वर माडी हसली. मीही हसलो.

ढाल मिळाली. निर्भीड गुणदोषांबद्दल आमचं खास कौतुक झालं. आम्ही चिक्की वाटली — त्याच भट्टीवरची. महादू पुन्हा आला नाही, आणि कुणी विचारलं तर मी म्हणायचो, टीका सोसत नाही काहींना.

पुढे साहेबांसमोरची सभा झाली. मी गेलो होतो, मागे उभा होतो. महादू उठला आणि म्हणाला, “सन्माननीय अध्यक्ष महाराज.” शुद्ध. एकेक शब्द गरम पातेलं उचलावं तसा. ‘आहे’वर अडखळला, ‘नाही’वर पुन्हा अडखळला, आणि गप्प झाला. या वेळी खरोखर. एक म्हातारी म्हणाली, “बोल की रं, म्हादा.” तो खाली बसला. साहेबांनी वाट पाहिली, मग दुसऱ्या गावाचं नाव पुकारलं. आणि मी? कुठेही चार शब्द बोलणारा मी? भिंतीला टेकून उभा राहिलो.

तो बोलला असता तरी गाव बुडायचंच होतं — हे मी स्वतःला इतक्यांदा ऐकवलंय, की आता त्या वाक्याची किळस येते. गाव वाचवा, असं तो म्हणणारच नव्हता. आम्हाला सगळ्यांना एका ठिकाणी जागा द्या, इतकंच मागणार होता. ते कुणी मागितलंच नाही. ती माणसं पुढे दहा दिशांना पांगली.

ढाल अजून माडीवर आहे. मी मंडळाचा अध्यक्ष आहे. गुणदोष कसे सांगावेत, हे नव्या सभासदांना मीच शिकवतो, आणि शेवटी आभार मानायला लावतो. ते ‘आभारी आहे’ म्हणतात तेव्हा मी खिडकीबाहेर बघतो. महादू पवनानगरला असतो. एसटी थेट जाते. मी गेलेलो नाही.

त्याच माडीवर, भरल्या सभेत, महादूला समोर बसवून मला सांगायचं आहे, की त्याचं भाषण चोख होतं, ते थांबणं मी शिकवलेलं होतं आणि मी खोटं बोललो. तेवढं मी त्याचं देणं लागतो.