अंकोरला न गेलेले काका

"आधी दगड बघा, मग देव," असं कुठल्याही देवळात शिरताना काका म्हणायचे आणि बोटाच्या पेराने खांब ठोकून बघायचे. मिशिगनमधल्या एका नव्या देवळाचे खांब पोकळ वाजले, तेव्हा पुजाऱ्यांसमोरच म्हणाले, "प्लास्टर आहे हो!" असली माणसं तुमच्याही ओळखीत असतील.

तिथल्याच नोव्हाय गावात ते आमच्या शेजारी, मुलाकडे राहायचे. जन्मभर पूल बांधून निवृत्त झालेले. कंबोडियातलं अंकोर वाट स्वतः चढून बघायचं, एवढंच त्यांना हवं होतं. प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या एका पॉटलकला त्यांनी माझ्या ढोकळ्याच्या वड्या दोन बाजूंनी एकीवर एक रचल्या, प्रत्येक थोडी पुढे सरकवत, वर दोन्ही बाजू एकमेकींना टेकेपर्यंत.

"अंकोर बांधणाऱ्या ख्मेर लोकांचं छत असं. चुना नाही, काही नाही. नुसतं वजन."

"काका, लोक प्लेट घेऊन ताटकळलेत."

"जेवतील गं. हे आठशे वर्षं उभं आहे!"

मी आमच्या ओळखीतल्या गटाची अंकोरची ट्रिप ठरवली, तेव्हा पहिलं नाव त्यांचं घातलं. तिथले जिने शिडीसारखे, म्हणून थंडीभर ते लायब्ररीचा जिना चढले-उतरले. डॉक्टर हो म्हणाले. मुलाने मात्र त्यांना न विचारता तिकीट कॅन्सल केलं आणि मला टेक्स्ट केला, "ताई, रिस्क नको. बाबांना मी सांगतो."

मी तडक त्यांच्या दारात गेले.

"पडले तर कोण बघणार?" मुलगा म्हणाला.

"आणि न पडता इथेच बसून राहिले तर?"

काका मागेच उभे होते. त्यांना तेव्हा कळलं. तोवर जागा दुसऱ्याला गेली होती. "तू जाऊन ये," एवढंच म्हणाले.

मी गेले. रागारागाने सगळे जिने चढले. गटातले लोक "हे आपलंच की!" म्हणत सेल्फी काढत होते. परत आल्यावर फोटो दाखवायला फोन पुढे केला, तर काकांनी तो हाताने बाजूला सारला. "फोटो पुस्तकातही आहेत."

वसंतात ते गेले. शोकसभेत टीव्हीवर त्यांचे फोटो सरकत होते. एकात काका अंकोर वाटसमोर, टोपी घालून, हसत.

"एआयवर केला, ताई. इच्छा राहून गेली ना त्यांची," मुलगा म्हणाला. "किती छान!" मागून कोणीतरी म्हणालं.

"राहून नाही गेली. तू कॅन्सल केलीस," मी म्हणाले आणि टीव्हीची वायर उपटली.

कोणीही ती परत लावायला उठलं नाही. काळ्या काचेत खुर्च्यांवर बसलेले आम्ही सगळे दिसत होतो.