केळझरची फुकट बस

सकाळचे सव्वादहा. देवळीजवळच्या एका तेल कंपनीचं गेट. कंपनीची वार्षिक सभा साडेदहाला, आणि कंपनीचे भागधारक पांढऱ्या बसमध्ये बसून केळझरच्या गणपतीला निघालेले!

बस कंपनीचीच. फुकट. वर पाण्याची बाटली, पोह्याचं पाकीट. दर्शन आटोपून ती परतते दुपारी दोनला. तोवर सभा संपलेली असते, खुर्च्यासुद्धा उचललेल्या असतात.

चेअरमन रतनशेठना मी एकदा गेटवरच गाठलं. "शेठ, सभेच्याच टायमाले बस काऊन सोडता?"

"पत्रकारसाहेब, देवाले काय टाइम सांगता येते का?"

देवाला नाही सांगता येत. पण ड्रायव्हरला येतो की!

तीस वर्षं वार्ताहरकी केली. खुनाच्या बातम्या विसरलो, निवडणुका विसरलो, पण या कंपनीचे किस्से काही विसरता येत नाहीत. फुटलेल्या पोत्यातून सरकी यावी तसे एकामागून एक येतात. मग म्हटलं, येऊ द्या.

*

आधी कंपनी सांगतो. सरकीचं तेल काढते. वर्धा रोडला कंपनीची कापसाची जुनी जिनिंग होती. ती पडली, जमीन राहिली. कंपनी सुरू झाली तेव्हा गावोगाव फिरून मास्तरांना, कंडक्टरांना, दुकानदारांना शेअर विकले. "आपल्या मातीतली आपली कंपनी!" असं बॅनर होतं. माती आपली होती, एवढं खरं.

शेअर बाजारात या कंपनीचं नाव नाही. आंजी मोठीच्या शोभाताई वानखेडे, निवृत्त मुख्याध्यापिका, आपले शेअर विकायला गेल्या. सेक्रेटरी देशकर म्हणाला, "मॅडम, घेणारे एकच. शेठ."

"आणि भाव?"

"तो बी शेठच सांगन."

मॅडम उठल्या. "मंग माहा शेअर कशाले म्हनता? शेठचाच म्हना. माह्याकडं फक्त सांभाळाले ठेवला!"

*

सभेत पुढच्या दोन रांगा कामगारांच्या. प्रत्येकाच्या नावावर एकेक शेअर करून दिलेला. काम एकच, "मंजूर!" म्हणायचं. विषय वाचून व्हायच्या आत मंजूर!

एका वर्षी हॉलमध्ये भयंकर उकाडा. रतनशेठ घाम पुसत माइकवरच म्हणाले, "अरे, तो पंखा काऊन बंद हाय?"

"मंजूर! मंजूर!"

पंखा शेवटपर्यंत बंदच राहिला. ठराव झाला होता ना!

*

मॅडमना सभेत प्रश्न विचारायचा होता. देशकर म्हणाला, सात दिवस आधी लेखी द्या. दिला. पुढच्या वर्षी म्हणाला, इंग्रजीत पाहिजे. जन्मभर पोरांना इंग्रजी शिकवलेली बाई, तिनं इंग्रजीत दिला. त्याच्या पुढच्या वर्षी म्हणाला, कंपनीच्या छापील फॉर्मवरच पाहिजे.

"मंग फॉर्म दे न, बाबू."

"फॉर्म सभेतच भेटते, मॅडम."

"म्हंजे सभेत भेटनारा फॉर्म सभेच्या सात दिवस आधी भरून द्याचा?"

"हौ," देशकर म्हणाला. हसलासुद्धा नाही! त्या दिवसापासून मला या माणसाची भीती वाटते.

*

यंदा वार्षिक अहवाल आला. गुळगुळीत कागद. रतनशेठ फीत कापताना, रतनशेठ झाड लावताना, रतनशेठ नुसतेच. मॅडमनी मात्र शेवटच्या पानापासून वाचायला घेतलं. शाळेत प्रयोगाच्या तासाला वापरतात तसलं भिंग काढलं आणि मुंगीएवढ्या अक्षरातला एक विषय शोधून काढला. वर्धा रोडची जमीन नव्याण्णव वर्षांच्या भाडेपट्ट्यावर द्यायची. कुणाला? एका नव्या फर्मला. फर्म कुणाची? रतनशेठच्या सुनेची!

त्यांनी मला फोन केला. आवाज शांत होता, त्यामुळेच मी उठून बसलो.

"भाऊ, पगाराच्या पहिल्या एरिअर्समंधून हे शेअर घेतलते. मशिनी त भंगार हायेत. कंपनीत जीव हाय तो त्या जमिनीतच. ते गेली, का माहे कागद चुलीत घालाच्या लायकीचे. मले सभेत उभं राहून 'नाई' म्हनाचं हाय. बस, एवढंच. तुम्ही येजा."

*

गेलो. सव्वादहाला गेटवर बस उभी होतीच. देवळीचे किराणा दुकानदार दत्तूशेठ खिडकीतून हात हलवत होते. मी म्हटलं, "दत्तूशेठ, आज जमिनीचा विषय हाय. उतरा न!"

"सभा त दरवर्षीच हाय न, भाऊ!"

"बस बी दरवर्षीच हाय की!"

तोवर देशकर मॅडमपाशी आला. "मॅडम, चला न! तुमच्यासाठी खिडकीची सीट ठेवली."

"बाबू, मी बौद्ध हाय. मले गनपतीले काऊन नेऊन राह्यला? सभेले ने न!"

बसभर हशा पिकला. देशकरचा चेहरा पडला. तो बसमध्ये चढला, दार लागलं, बस गेली. आम्ही दोघंच मागे उरलो.

सूचनापत्रावर लिहिलं होतं, स्थळ: कंपनीचे सभागृह. सभागृहाला कुलूप. खिडकीतून पाहिलं तर आत छतापर्यंत सरकीची पोती! माणूस सोडा, मांजर शिरायला जागा नव्हती.

चौकीदार म्हणाला, "गोदाम गळते, म्हनून माल इकडं आनला. आता पंधरा दिवस झाले असन."

"मंग सभा कुठं हाय?"

"मले त बसचंच सांगतलं."

दीडपर्यंत आम्ही त्या दारासमोरून हललो नाही. मॅडम पायरीवर बसल्या, भिंग असलेली पिशवी मांडीवर घेऊन. रतनशेठची गाडी आली नाही. कुलूप उघडलं नाही.

मॅडमनी रीतसर अर्ज करून इतिवृत्ताची प्रत मागवली. ती परवा टपालानं आली. मी जशीच्या तशी उतरवतो.

"सभा कंपनीच्या सभागृहात सकाळी साडेदहा वाजता सुरू झाली. सभागृह पूर्ण भरलेले होते. वर्धा रोडवरील जमीन भाडेपट्ट्याने देण्याचा ठराव टाळ्यांच्या गजरात एकमताने मंजूर. सूचक: श्री. दत्तूशेठ, देवळी."

दत्तूशेठचा पावणेबाराचा, केळझरच्या पायऱ्यांवरचा सेल्फी माझ्या फोनमध्ये आहे.

त्याखालची ओळ:

"अनुमोदक: श्रीमती शोभा वानखेडे, आंजी (मोठी)."

पुढे सही आहे.